ॲव्हरेज नंतर विचारा

कराडला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज आहे. नवरा मिस्त्री, मी हिशेब बघते. इंजिनाला हात लावायचं काम माझं नाही. पण कुठल्या गाडीचं काय निघालं, बिल कितीचं झालं आणि ते बघून गिऱ्हाइकाचा चेहरा कसा झाला, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे जुनी गाडी घेण्याआधी सल्ला विचारायला येणारी मंडळी नवऱ्याशी बोलून झाली की हळूच माझ्याकडे वळतात. "वहिनी, तुम्हीच सांगा, डिझेल घेऊ का पेट्रोल?" आणि त्याच दमात, "ॲव्हरेज किती देईल?"

ॲव्हरेज कळलं की निवड झाली असं या लोकांना वाटतं. मी आधी वही उघडून त्यांनाच विचारते, गाडी रोज जाणार कुठं? किती किलोमीटर? घाट किती वेळा? गाडीत माणसं किती? निम्म्या लोकांना याचं उत्तर देता येत नाही. पाच-सात लाख रुपये घालायला निघालेला माणूस महिन्याला आपली गाडी किती धावेल हे सांगू शकत नाही, पण शेजाऱ्याची गाडी बावीसचं ॲव्हरेज देते हे त्याला पक्कं ठाऊक असतं. जुन्या गाडीचे टायर बदलता येतात, सीट कव्हर बदलतं, रंगही मारून मिळतो. इंजिन एकदा घेतलं की घेतलं, आणि बिल बनवताना माझा सगळ्यात जास्त कागद त्याच्यावरच खर्च होतो.

डिझेलचं वेड आपल्याकडे उगीच आलेलं नाही, हे मान्य करायला हवं. सरकारने जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर बाजारावर सोडले आणि डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात दोन्हींतलं अंतर इतकं वाढलं की मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आसपास होतं. नेमकी त्याच वर्षी एप्रिलमध्ये मारुतीची अर्टिगा आली. पेट्रोलची मिळत असताना लोक डिझेलच्या अर्टिगासाठी नंबर लावून थांबले, आणि त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? लिटरमागे तीस रुपये वाचत होते, वर लिटरला चार किलोमीटर जास्त मिळत होते. आज आपल्याकडे तेच अंतर तेरा-चौदा रुपयांवर आलंय. बाजार बदलला, इंजिनं बदलली, प्रदूषणाचे नियम दोनदा बदलले. 'डिझेल परवडतं' हे वाक्य मात्र आहे तिथंच आहे.

इंधनाबरोबर घरची माणसंही मोजायला हवीत. बाहेरच्या देशांत, विशेषतः युरोपात, घरची गाडी म्हणून लोक इस्टेट घेतात. पुढून सेडानच, पण छप्पर सरळ मागच्या दारापर्यंत नेलेलं, डिकीत सायकल आडवी मावेल एवढी जागा. आपल्याकडेही हा प्रयत्न झाला. टाटांनी १९९२ मध्ये 'इस्टेट' याच नावाची गाडी काढली, २००४ मध्ये इंडिगो मरिना आणली. मारुतीची बलेनो अल्टुरा आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली. एकही फार चालली नाही. मरिना वापरणारे एक डॉक्टर अजून आमच्याकडे येतात. डिकीत काय वाटेल ते टाकतात, गाडीवर त्यांचा फार जीव. पण आपल्या माणसाला डिकीपेक्षा सीट प्यारी. सामान मांडीवर घेऊ, पण आत्याबाईंना घेऊन जाऊ, हा आपला हिशेब. म्हणून इस्टेटची जागा इथं अर्टिगा, इनोव्हा, कॅरेन्स, ट्रायबर यांनी घेतली आणि इंजिनाची निवडही या सात सीटांपाशीच येऊन अडते. चार माणसं नेणारं इंजिन आणि सात माणसं घेऊन कुंभार्ली घाट चढणारं इंजिन यांच्याकडून एकच अपेक्षा धरता येत नाही.

आता माझ्या वहीतला हिशेब सांगते. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ आणि सीएनजी किलोला ९० रुपये धरा. सात सीटरची पेट्रोल गाडी गावातल्या गावात लिटरला १४ किलोमीटर देते, डिझेल १८ आणि सीएनजी किलोला २२, असं मानून चला. कंपनीचे कागदावरचे आकडे बाजूला ठेवा. महिन्याला ५०० किलोमीटर धावणाऱ्या घराला पेट्रोलचे ३,७०० रुपये होतात, डिझेलचे २,५००. फरक बाराशेचा, वर्षाला चौदा हजारांचा. दीड हजार किलोमीटर धावणाऱ्या घराचा हाच फरक वर्षाला बेचाळीस हजारांवर जातो. पहिल्या घराने डिझेल घेतलं आणि तीन वर्षांत एकदाच इंजेक्टर गेले, तर एका इंजेक्टरचे दहा-पंधरा हजार आणि इंजेक्टर असतात चार. झाली की तीन वर्षांची बचत धुऊन. दुसऱ्या घराला तोच खर्च आला, तरी ते घर फायद्यातच राहतं. गाडी तीच, इंजिन तेच, मिस्त्रीसुद्धा तोच. एकाला ती परवडते, दुसऱ्याला बुडवते. मग शेजाऱ्याचं ॲव्हरेज विचारून काय उपयोग?

यात २०२० नंतरच्या डिझेलची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला ती कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी बसते. धुरातली काजळी ती अडवते. साठलेली काजळी गाडीनेच अधूनमधून जाळून टाकायची असते, आणि त्यासाठी ती गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते. मोकळ्या रस्त्यावर एका वेगात पंधरा-वीस मिनिटं गाडी पळाली की हे काम आपोआप होतं, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. घर ते शाळा, शाळा ते मंडई, मंडई ते घर, असं दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते कधीच पुरं होत नाही. काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते, तेवढ्यात आपण चावी काढतो, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

आमच्याकडे एक शिक्षक दांपत्य येतं. दोघांची शाळा घरापासून तीन किलोमीटरवर. त्यांनी चार वर्षांची डिझेल सात सीटर पुण्याकडून आणली, एमएच-१४ पासिंगची. गाडी देखणी, धाव कमी, कंपनीचं नाव चांगलं. कंपनी कोणती ते इथं सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. काही महिन्यांत मीटरवर पिवळा दिवा लागला. सर गाडी घेऊन आले आणि येताना स्वतः डिपस्टिक काढून बघून आले होते. मोठ्या कौतुकाने म्हणाले, "ऑइल अजिबात कमी झालेलं नाही, उलट वरच्या खुणेच्या वर आहे." नवऱ्याने डिपस्टिक पुन्हा काढली, पुसली, घातली, काढली. टोकावरचं ऑइल अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळलं, नाकाशी नेलं आणि बोटं सरांच्या पुढे धरली. "सर, वास घ्या." डिझेलचा वास होता. ऑइल पाण्यासारखं पातळ झालं होतं. वाढलं होतं ते ऑइल नव्हतंच.

त्या वेळी भागलं. स्कॅनर लावून गाळणी जबरदस्तीने जाळून घेतली, ऑइल आणि फिल्टर बदलला, आणि नवरा गाडी घेऊन साताऱ्याला जाऊन आला, वरच्या गिअरला न जाता, आरपीएम चढता ठेवून. बिल परवडण्यासारखं होतं. पण सरांची शाळा काही साताऱ्याला बदलून गेली नाही. पुढच्या खेपेला दिवा पुन्हा लागला, तेव्हा मॅडमनी मला विचारलं, "दर रविवारी नुसतं डिझेल जाळायला उंब्रजपर्यंत जाऊन यायचं का?" यायचंच, दुसरा इलाज नाही. गाळणी पार बसली तर नवी टाकायचा खर्च अनेक गाड्यांत लाखाच्या घरात जातो. काही महाभाग ती कापून मधून नळी जोडून देतात आणि "आता कटकट मिटली" म्हणतात. ते कायद्यात बसत नाही. आमच्या गॅरेजला तसलं काम होत नाही, आणि कोणी असं केलेली गाडी विकायला काढली असेल तर ती फुकटातही घेऊ नका. गाडीचा आवाज बदलतो, मागची नळी आतून काळीकुट्ट असते. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीच्या नळीत बोट फिरवलं तर फारसं काळं होत नाही.

मग डिझेल घ्यायचंच नाही का? घ्या की, पण ज्याची धाव आहे त्याने घ्या. पाटण, कोयनानगर भागातले आमची कितीतरी गिऱ्हाइकं आहेत. आठवड्यातून दोनदा चिपळूण, महिन्यातून दोनदा पुणे, गाडीत कायम सहा-सात माणसं आणि मागे आंब्याच्या पेट्या. त्यांना मी पेट्रोल घ्या म्हणून कधी सांगणार नाही. पहिल्या अर्टिगाचं १.४ लिटरचं पेट्रोल इंजिन ९५ अश्वशक्तीचं, डिझेल ९० चं. कागदावर पेट्रोल सरस दिसतं. पण ओढ बघा. पेट्रोलची १३० न्यूटन मीटर, तीही चार हजार आरपीएमला. डिझेलची २००, आणि ती १,७५० लाच मिळते. कुंभार्ली चढताना पुढे सिमेंटचा ट्रक रांगत असेल, गाडीत सात माणसं आणि एसी चालू असेल, तेव्हा पेट्रोलवाला दुसऱ्या गिअरवर इंजिन किंचाळवत राहतो. डिझेलवाला तिसऱ्यात आरामात ओढून नेतो.

हे डिझेल इंजिन म्हणजे १,२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला फियाटच्या कारखान्यात ते बनायचं, आणि मारुती परवाना घेऊन स्वतःकडेही बनवायची. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा... इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला देशाचं इंजिन म्हणायला लागले. फायदा असा, की खेड्यातल्या मिस्त्रीलासुद्धा ते पाठ आहे आणि पार्ट कुठंही मिळतो. बीएस-४ काळातल्या या गाड्यांत डीपीएफची भानगड नाही. तोटा असा, की एप्रिल २०२० ला मारुतीने डिझेलच बंद केलं, त्यामुळे यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता वयात आली आहे. टायमिंग चेनचा आवाज, टर्बोची शिट्टी, इंजेक्टरची गळती हे बघूनच घ्यावी लागते. २०१९ मध्ये थोड्या काळासाठी दीड लिटरचं मारुतीचं स्वतःचं डिझेलही अर्टिगात आलं होतं, २२५ न्यूटन मीटरचं. इंजिन ताकदीचं, पण ते फार दिवस विकलंच गेलं नाही. पार्टसाठी धावाधाव करायची तयारी असेल तरच त्याच्या नादी लागावं. मोठं कुटुंब, मोठी धाव आणि खिसाही मोठा असेल तर अर्थात इनोव्हा. तिची किंमत उतरत नाही ही सगळ्यांची तक्रार असते, पण उतरत नाही याचं कारण इंजिनच आहे.

स्वस्तातल्या डिझेलबद्दल एक सावधगिरी. दिल्ली आणि आसपास दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या चकाचक डिझेल गाड्या इकडे पडत्या भावात येतात. एजंट फोटो पाठवतो, किंमत ऐकून माणूस हरखतो. तिकडचं एनओसी, इकडचं नव्याने पासिंग, इकडचा रोड टॅक्स, आणि वर हायपोथिकेशन उतरलं आहे की नाही याची खातरजमा, हे सगळं मिळवलं की स्वस्ताई संपते. एजंटला पैसे देण्याआधी कागद हातात घ्या. मी पैशाची माणूस आहे, मला यापलीकडे सांगता येत नाही.

सीएनजीवाल्यांचा हिशेब बघितला तर बोलायला जागाच राहत नाही. दीड हजार किलोमीटरला सहा हजारांच्या आसपास, म्हणजे डिझेलपेक्षाही कमी. इंजिन पेट्रोलचं, त्यामुळे इंजेक्टर-टर्बोची धास्ती नाही, डीपीएफ नाही. कराड-सातारा रोज जाऊन येणाऱ्या नोकरदाराला मी डोळे झाकून कंपनी फिटेड सीएनजी सांगते. पण घरची गाडी म्हणून? अर्टिगात तिसऱ्या रांगेच्या मागे साठ लिटरची टाकी बसते. एकदा ती बसली की डिकी संपली. सात माणसं गाडीत बसली तर गणपतीला कोकणात जाताना बॅगा कुठं ठेवणार? टपावर कॅरिअर बांधायचा, त्यावर ताडपत्री, आणि मग तेच माणूस येऊन विचारतं, "वहिनी, ॲव्हरेज का पडलं?" नव्या इंजिनाची १०३ अश्वशक्ती सीएनजीवर ८८ वर येते, तीही घाटात जाणवते. गाडीत नेहमी चारच माणसं असतील आणि तिसरी रांग पाडून ठेवणार असाल, तर सीएनजी उत्तम. भरल्या घराला नाही.

जुनी सीएनजी गाडी घेताना आणखी दोन कागद बघा. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, तिची तारीख टाकीच्या पट्टीवर किंवा सर्टिफिकेटवर असते. ती उलटून गेली असेल तर पंपावर गॅस भरून देत नाहीत, द्यायलाही नको. दुसरं, आरसी बुकात इंधन म्हणून 'पेट्रोल/सीएनजी' अशी नोंद आहे का बघा. बाहेर किट बसवलं आणि नोंदच केली नाही, अशा गाड्या भरपूर फिरतात. काही झालं तर विमा कंपनी हात वर करते, आणि मग रडायला आमच्या टेबलापाशी येतात. कागदांबरोबर इंजिनही बघा. गॅस कोरडा असतो. पेट्रोलमुळे व्हॉल्व्हला जो थंडावा मिळतो तो गॅसवर मिळत नाही. बाहेरचं किट लावून लाखभर धावलेल्या गाडीचं कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय ती घेऊ नये.

राहिलं साधं पेट्रोल. टर्बो नसलेलं, चार सिलिंडरचं. आमच्या गॅरेजला या गाड्या सगळ्यात कमी पैसे देऊन जातात, म्हणून नवरा गमतीने त्यांना वैरी म्हणतो. ऑइल, फिल्टर, प्लग, कधीतरी कॉइल, कधीतरी क्लचप्लेट. २०१८ च्या शेवटाला आलेल्या दुसऱ्या अर्टिगातलं १,४६२ सीसीचं इंजिन याच जातीचं. कॅरेन्सचं दीड लिटरचं बिनटर्बोचं पेट्रोलही तसंच. ट्रायबरचं एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन ७२ अश्वशक्तीचं. गावात हलकं पळतं, पण सात माणसं भरून घाट चढायचा तर त्याची दया येते. पाच माणसांच्या घराला आणि सपाटीला ठीक.

पेट्रोलची एक बाजू हल्ली दुखरी झाली आहे, ती वीस टक्के इथेनॉलची. आमच्याच कृष्णाकाठच्या उसापासून हे इथेनॉल बनतं, त्यामुळे इथं त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे घरच्या ताटात खडा टाकण्यासारखं आहे. तरी बोलायला हवं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या, दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज वीस टक्क्यांवर सहा ते सात टक्के घटू शकतं, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलेलं आहे. म्हणजे चौदाची तेरा. वीस टक्क्यांसाठी बनवलेल्या गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून येऊ लागल्या. त्याआधीची पेट्रोल गाडी घ्यायचीच नाही असं माझं म्हणणं नाही, पण रबरी नळ्या आणि पेट्रोल पंप एकदा तपासून घ्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं. पंपावर दहा टक्क्यांचं पेट्रोल मागून मिळायची सोय सरकारने ठेवली असती, तर जुनी गाडी वापरणाऱ्यावर उपकार झाले असते. ऊस उत्पादकाचं भलं करताना त्याच उत्पादकाच्या दहा वर्षांच्या गाडीचा विचार कोणीतरी करायला हवा होता.

छोट्या टर्बो पेट्रोलबद्दल थोडक्यात. चालवायला मजा, पहिल्या मालकाला उत्तम. तिसऱ्या मालकाने त्यात पडू नये, विशेषतः आधीच्या दोघांनी ऑइल वेळेवर बदललं का हे माहीत नसताना. आणि हायब्रिड, म्हणजे २०२२ च्या शेवटाला आलेली हायक्रॉस वगैरे, अजून जुन्या बाजारातही महाग आहे. ती घ्यायची ऐपत असलेले लोक माझा लेख वाचत असतील असं वाटत नाही.

गाडी बघायला जाताना एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाळावी. सकाळी जा, आणि आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका असं आदल्या दिवशी बजावून ठेवा. मालक हमखास सुरू करून ठेवतो. नवरा गाडीपाशी गेला की आधी बॉनेटवर पंजा ठेवतो. गरम लागलं तर चहा मागवतो आणि तासभर गप्पा मारत बसतो. गार इंजिनच खरं बोलतं. पहिल्या सेल्फला घेते का, घेतल्यावर निळा धूर सोडते का. डिझेल असेल तर तो ऑइलची फिलर कॅप उलटी करून तिच्याच तोंडावर सैल ठेवतो आणि इंजिन चालू ठेवतो. कॅप नुसती हलली तर ठीक. टणाटणा उडायला लागली, किंवा आतून भसाभसा वाफ आली, तर पिस्टन रिंगा गेल्या असं धरायचं आणि चहाचे पैसे देऊन निघायचं. कॅपच्या आतून पांढरट साय दिसली तर पाणी आणि ऑइल एकत्र होतंय का बघायचं. शेवटी डिपस्टिक, आणि ती वासासकट.

मीटर मागे फिरवणं ही आता कला राहिलेली नाही, धंदा झालाय. म्हणून मीटरवर विश्वास नको. सर्व्हिस रेकॉर्ड कंपनीच्या वर्कशॉपमधून काढून घ्या, त्यात प्रत्येक सर्व्हिसची धाव असते. आरसीवर बीएस-४ की बीएस-६ लिहिलेलं असतं, तेही वाचा. माझं तर म्हणणं आहे की गाडी नावावर करताना सर्व्हिस रेकॉर्ड, सीएनजी असेल तर टाकीचं सर्टिफिकेट आणि डिझेल असेल तर डीपीएफचा स्कॅन रिपोर्ट हे कागद विकणाऱ्याने जोडलेच पाहिजेत असा नियम हवा. पीयूसी नसेल तर दंड करता, मग काजळीने बसलेली गाळणी दुसऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्याला मोकळं का सोडता?

आता कोणी मला नेमकं सांगा म्हटलंच तर सांगते. महिन्याला हजाराच्या आत धाव, घरात पाच-सहा माणसं, वर्षातून दोन-तीन मोठ्या सहली: २०१९ च्या पुढची साधी पेट्रोल, मॅन्युअल, पहिल्या मालकाची. रोजची लांब नोकरी आणि गाडीत चार माणसं: कंपनी फिटेड सीएनजी. दीड हजाराच्या वर धाव आणि वाटेत घाट: बीएस-४ ची डिझेल, इंजिन उघडलेलं नसलेली, इथल्याच पासिंगची. बीएस-६ डिझेल फक्त त्याने घ्यावी, ज्याची गाडी आठवड्यातून दोनदा तरी हायवेवर तासभर पळते. हजार ते दीड हजारांच्या मधले जे आहेत, त्यांनी महिनाभर आपली आत्ताची गाडी किती धावते ते रोज लिहून ठेवावं आणि ती वही घेऊन यावं. गाडी बघायला मिस्त्रीला सोबत नेण्याचे आमचे पाचशे रुपये होतात. त्यात घासाघीस करू नका.